चालता चालता बंद पडणारी मोटरसायकल

कधी बंद पडते, कधी आपोआप सुरू होते. मेकॅनिकपुढे मात्र अगदी सुरळीत चालते. अशा गाडीतला दोष शोधायचा कसा?

मोटरसायकल सकाळी सुरूच झाली नाही, तर फारसे बिघडत नाही. माणूस चरफडतो, बस किंवा रिक्षा पकडून कामावर जातो आणि संध्याकाळी मेकॅनिकला बोलावतो. खरी पंचाईत करते ती चालता चालता बंद पडणारी गाडी. महामार्गावर ट्रकला ओलांडताना, घाटाच्या चढावर किंवा भर चौकात इंजिन एकाएकी गप्प होते. मागे पत्नी बसलेली असते, पाठीमागून बस हॉर्न वाजवत येत असते आणि गाडीत पुढे जाण्याचे बळ उरलेले नसते. कशीबशी ती कडेला घ्यावी, दहा मिनिटे उभी करावी, तर एका किकमध्ये सुरू! मग आठ दिवस काहीच होत नाही. घरच्यांचा गाडीवरचा विश्वास मात्र उडतो तो उडतोच.

अशी गाडी गॅरेजमध्ये नेली की तिथे ती शहाण्या मुलासारखी वागते. मेकॅनिक एक फेरी मारून येतो आणि म्हणतो, "साहेब, गाडी तर मस्त चालते आहे." तरीही काहीतरी करायचे म्हणून प्लग बदलला जातो. पुढच्या आठवड्यात कार्बोरेटर साफ होतो. मग कॉईल, मग बॅटरी, मग सीडीआय. एकेक भाग नवा होत जातो, खिसा रिकामा होत जातो आणि गाडी पुन्हा बंद पडते.

यात दर वेळी मेकॅनिकचाच दोष असतो असे नाही. तपासणीच्या वेळी बिघाड हजरच नसेल, तर तो सापडणार कसा? पण बिघाड अधूनमधून होतो म्हणजे तो विनाकारण होतो, असेही नाही. उष्णता, पाणी, हादरा, टाकीतले पेट्रोल, हँडल वळवणे, यांपैकी काहीतरी एक घडले की तो डोके वर काढतो आणि ते थांबले की लपून बसतो. ते 'काहीतरी' कोणते, हे गाडी रोज चालवणाऱ्यालाच कळू शकते. म्हणून निम्मे काम गाडीच्या मालकाचे आहे आणि त्याला पाने-स्क्रू ड्रायव्हर लागत नाहीत, फक्त वही-पेन लागते.

आधी जीव, मग गाडी

इंजिन बंद पडल्याचे जाणवताच पहिली गोष्ट करावी ती क्लच दाबण्याची. गिअरमध्ये अडकलेले बंद इंजिन मागच्या चाकाला ओढून धरते. ओल्या किंवा वाळू पसरलेल्या रस्त्यावर अशाने चाक घसरू शकते. क्लच दाबला की गाडी मोकळी धावते आणि तेवढ्या वेगात ती कडेला घेता येते. आरशात पाहून, इंडिकेटर किंवा हात दाखवून डावीकडे यावे. घाबरून जोरात ब्रेक लावू नये. मागून येणाऱ्या वाहनाला तुमचे इंजिन बंद पडले आहे हे ठाऊक नसते.

वळणावर, पुलावर किंवा चढाच्या माथ्यावर शक्यतो थांबू नये. गाडी थोडी ढकलावी लागली तरी चालेल, पण दुरून दिसेल अशा जागी उभी करावी. मागे बसलेल्यांना आधी रस्त्यापासून दूर उभे करावे, मग गाडीकडे पाहावे. रात्रीची वेळ असेल तर मागचा दिवा लागतो आहे का, हे सर्वात आधी बघावे. भर वाहतुकीत धावत्या गाडीचा क्लच झटक्याने सोडून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

आणखी एक गोष्ट कठोरपणे पाळायला हवी. दोष सापडेपर्यंत त्या गाडीवर पत्नी-मुलांना घेऊन महामार्गावर जाऊ नये, रात्रीचा लांबचा प्रवास करू नये आणि मोठ्या वाहनांना ओलांडू नये. "आठ दिवस झाले, काही झाले नाही" हा भरवसा खोटा असतो. अशा गाडीच्या बाबतीत आठ दिवसांची शांतता म्हणजे दुरुस्ती नव्हे.

पाच नोंदी

गाडी बंद पडली की घरी आल्यावर, शक्य असेल तर तिथेच, पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात.

१. गाडी सुरू केल्यापासून किती वेळाने, किती किलोमीटरनंतर ती बंद पडली?
२. टाकीत पेट्रोल किती होते? शेवटचे कधी भरले होते?
३. हवा आणि रस्ता कसा होता? पाऊस, कडक ऊन, खड्डा, वळण? आदल्या दिवशी गाडी धुतली होती का?
४. इंजिन कसे बंद पडले? दिव्याचे बटण दाबावे तसे एकदम, की गुदमरत, झटके मारत? त्या वेळी हॉर्न आणि इंडिकेटर चालत होते का?
५. पुन्हा सुरू कधी झाली? लगेच, की थंड झाल्यावर? की काही हलवल्यावर, उघडल्यावर?

तीन-चार वेळच्या नोंदी जमल्या की त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात. समजा, वहीत असे दिसते: गाडी तिन्ही वेळा मोकळ्या रस्त्यावर १५-२० किलोमीटर सलग वेगाने चालल्यावर बंद पडली. आधी अडखळली, मग थांबली. एकदा पेट्रोल किती आहे ते पाहायला टाकीचे झाकण उघडले आणि लगेच सुरू झाली. शहरात तिला कधीच त्रास नाही. ही नोंद टाकीच्या झाकणाकडे बोट दाखवते. टाकीतून पेट्रोल खाली जाते तेव्हा त्याची जागा घ्यायला वरून हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात बारीक वाट ठेवलेली असते. धूळ, गंज किंवा गाडी धुताना गेलेली माती यांनी ती बुजली, तर टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरेनासे होते. वेगात पेट्रोल जास्त लागते म्हणून दोष तिथे दिसतो. झाकण उघडताना 'फुस्स' असा हवा आत शिरल्याचा आवाज आला, तर शंकाच नको. काही मिनिटांची साफसफाई, आणि त्याआधी कदाचित दोन कार्बोरेटर साफ करून झालेले असतात!

दुसरी वही पाहा. गाडी खड्ड्यातून गेल्यावर, गतिरोधकावर किंवा वळण घेताना बंद पडते. एकदम पडते आणि लगेच सुरू होते. एकदा इंजिनबरोबर हॉर्न आणि इंडिकेटरही गेले. इथे पेट्रोलचा संबंध नाही. कुठेतरी वायर तुटत आली आहे किंवा जोड सैल आहे आणि हादऱ्याने तो क्षणभर सुटतो.

तिसरी वही वेगळेच सांगते. सकाळी गाडी उत्तम. अर्धा तास चालल्यावर, उन्हात जास्त लवकर, ती एकदम बंद पडते. दिवे, हॉर्न सर्व ठीक. कितीही किक मारल्या तरी दाद देत नाही. वीस मिनिटे सावलीत उभी केली की पहिल्या किकला सुरू. हा दोष बहुधा गरम झाल्यावर काम सोडणाऱ्या विजेच्या भागाचा असतो: इग्निशन कॉईल, पिकअप कॉईल किंवा सीडीआय.

तिन्ही गाड्यांची तोंडी तक्रार एकच असते, "मधेच बंद पडते". त्या एका वाक्यावर मेकॅनिक तिघांचाही प्लगच बदलेल. वहीतल्या नोंदी मात्र तीन वेगळ्या दिशा दाखवतात.

आधी फुकटच्या गोष्टी

महागडे भाग बदलण्याआधी ज्यांना पैसे लागत नाहीत अशा जागा तपासाव्यात.

बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून पाहावे. स्क्रू सैल असणे किंवा त्यावर पांढरट-हिरवट थर जमणे हे बंद पडण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. बॅटरीपासून चासीला जाणारी अर्थिंगची वायरही पाहावी. तिचा नट रंगावर किंवा गंजावर बसलेला असेल, तर संपर्क कधी असतो, कधी नसतो. फ्यूज काढून त्याच्या पट्ट्या काळवंडल्या आहेत का ते पाहावे. फ्यूज शाबूत असूनही त्याची खाच सैल असू शकते.

मग गाडी मुख्य स्टँडवर लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन मंद चालू ठेवावे. हँडल एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे वळवावे. किल्ली स्विचमध्ये हळूच हलवावी. किल्लीला घराच्या, कपाटाच्या आणि दुकानाच्या चाव्यांचा जुडगा लटकवण्याची सवय असेल, तर तो काढून टाकावा. त्याच्या हिसक्यांनी स्विच आतून झिजतो. हँडलवरच्या बंद करायच्या बटणाला, म्हणजे किल स्विचला, बोटाने हलके दाबून पाहावे. हेडलाइटच्या मागे आणि हँडलच्या मानेपाशी वायरींचा जो गठ्ठा असतो तो चिमटीत धरून हलवावा. यांपैकी कशानेही इंजिन दचकले, तर दोषाची जागा सापडली म्हणायची. हँडल दिवसातून शेकडो वेळा वळते. त्यामुळे तिथली तांब्याची वायर आतल्या आत तुटते, वरचे प्लास्टिक मात्र चांगले दिसत राहते.

साइड स्टँडला विसरू नये. आता अनेक गाड्यांत स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद होते. सोय चांगली आहे, पण स्टँडचा स्प्रिंग ढिला झाला तर खड्ड्यात स्टँड क्षणभर खाली झुकतो आणि त्याचा स्विच इंजिनला बंद करतो. चिखल साचला तरी हेच होते. घोट्याजवळच्या या छोट्या स्विचपायी इंजिन खोलण्याची वेळ आणू नये. त्याची जोडणी तोडून टाकण्याचा मोहही नको. साफ करावा, स्प्रिंग बदलावा.

पेट्रोलची वाट

अडखळत, झटके मारत बंद पडणाऱ्या गाडीची तपासणी टाकीपासून खाली करत यावी. झाकणाचे आधी सांगितलेच आहे. त्याखाली येतो पेट्रोल कॉक. त्याच्या जाळीत टाकीतल्या गंजाचा कचरा अडकतो. पेट्रोल रिझर्व्हला आल्यावरच गाडी बंद पडू लागली, तर टाकीच्या तळाचा कचरा किंवा पाणी वर येते आहे असे समजावे. नळीला कुठे पीळ पडलेला नाही ना, टाकी पुन्हा बसवताना ती दबलेली नाही ना, हे पाहावे.

कार्बोरेटरच्या तळाला वाटीसारखा भाग असतो. त्यात पेट्रोल साठते. त्याच्या खालचा छोटा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे. हे काम इंजिन पूर्ण थंड असताना, मोकळ्या हवेत आणि विडी-सिगारेटपासून दूर राहूनच करावे. बाटली दोन मिनिटे स्थिर ठेवली की तळाशी पाण्याचे गोळे किंवा तांबूस गाळ दिसतो का ते कळते. पेट्रोलपेक्षा पाणी जड. ते वाटीच्या तळाशी बसते आणि जेटच्या तोंडाशी गेले की इंजिन थांबते. थोड्या वेळाने सरकले की इंजिन पुन्हा चालू! अधूनमधून बंद पडण्याचा हा नमुनाच म्हणायला हवा.

पाण्याचा प्रश्न आता जास्त लक्षात ठेवायला हवा. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री देशात सुरू झाली आणि पुढे ते सर्वत्र पसरले. इथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी असेल तोवर ते पेट्रोलबरोबर जळून जाते. पण प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी जातात. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वायसरही अशा पेट्रोलाने लवकर खराब होऊ शकतात. म्हणून पावसाळ्यात महिनोन् महिने अर्धी टाकी ठेवून गाडी उभी करू नये आणि टाकीच्या झाकणाचा वायसर फाटला असेल तर बदलावा.

पेट्रोल जसे लागते तशी हवाही लागते. धुळीने बुजलेला एअर फिल्टर असला की गाडी वेग घेताना गुदमरते. चोक अर्धवट ओढलेला राहिला तरी गरम झाल्यावर गाडी बंद पडते, आणि हे वाटते त्यापेक्षा जास्त वेळा घडते. फक्त सिग्नलपाशी, गाडी गरम असताना इंजिन थांबत असेल, तर मंद गतीचा जेट साफ करून टॅपेट तपासून घ्यावेत. टॅपेट जास्त घट्ट असले, तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि इंजिनाचा दम जातो.

ठिणगी कुठे हरवते?

दिव्याचे बटण दाबल्यासारखे इंजिन एकदम बंद पडले, तर आधी ठिणगीचा मार्ग पाहावा. सुरुवात प्लगपासून. प्लगचे टोक काळे-तेलकट झाले आहे का, फट पुस्तिकेत दिली आहे तेवढी आहे का, हे बघावे. दोन-स्ट्रोक गाड्यांत तेल पेट्रोलबरोबर जळते, त्यामुळे प्लगच्या फटीत कार्बनचा कण अडकून गाडी क्षणात बंद पडते. १९९६ पर्यंत बनलेली यामाहा आरएक्स १०० आजही हौसेने चालवणाऱ्यांना हे सांगायला नको. त्यांच्या खिशात जादा प्लग असतोच.

प्लगची टोपी पिळून काढावी आणि वायरचे टोक पाहावे. ते हिरवट पडले असेल, तर टोपीतला स्क्रू त्याला नीट धरत नाही. वायर पुरेशी लांब असेल, तर टोकाचा थोडा भाग कापून टोपी पुन्हा बसवावी. पावसात बंद पडणाऱ्या गाडीची रात्री एक सोपी परीक्षा घेता येते. अंधारात इंजिन चालू करून प्लगच्या वायरवर पाण्याचा बारीक फवारा उडवावा. वायरला किंवा टोपीला तडा असेल, तर तिथून इंजिनाकडे निळ्या ठिणग्या उडताना दिसतात. त्या वेळी वायरला हात मात्र लावू नये; झटका जोरदार बसतो.

जुन्या बुलेट, जावा, येझदी यांच्यात कॉन्टॅक्ट पॉइंट असतात. त्यांची फट सुमारे ०.४ मिलिमीटर लागते. ते जळून खडबडीत झाले किंवा कंडेन्सर कमजोर झाला, की गाडी गरम झाल्यावर मिसिंग करू लागते. नंतरच्या गाड्यांत पॉइंटची जागा पिकअप कॉईल आणि सीडीआयने घेतली. कॉईलमध्ये केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. एखाद्या ठिकाणी तार तुटली, तरी थंड असताना टोके एकमेकांना टेकून राहतात. गरम झाल्यावर फाकतात. म्हणूनच थंड गाडीवर मीटर लावून मेकॅनिक "कॉईल चांगली आहे" म्हणतो आणि तो खोटे बोलत नसतो. अशी कॉईल गाडी बंद पडल्याबरोबर, गरम असतानाच मोजायला हवी. गरम भागावर पाणी ओतून तो थंड करू नये.

हा लपंडाव पकडायची एक जुनी युक्ती आहे. ज्या गाड्यांत ठिणगीसाठी बॅटरीची वीज वापरली जाते, तिथे किल्लीच्या स्विचमधून पुढे जाणाऱ्या, फ्यूजनंतरच्या वायरला मेकॅनिककडून १२ व्होल्टचा एक छोटा बल्ब जोडून घ्यावा आणि तो चालवताना दिसेल असा मीटरजवळ बांधावा. इंजिन बंद पडताना बल्बही विझला, तर दोष बॅटरी, फ्यूज, स्विच किंवा त्यांच्या वायरींत आहे. बल्ब जळत राहिला, तर तिथपर्यंत वीज नीट येते आहे आणि दोष पुढे शोधायचा. पाच-दहा रुपयांचा बल्ब निम्मी गाडी निर्दोष ठरवतो!

इंजेक्शनच्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर गेला. त्या जागी पेट्रोलचा विजेवर चालणारा पंप, इंजेक्टर आणि सर्व कारभार पाहणारा छोटा संगणक आला. इथे बॅटरी आणि तिचे जोड जास्त महत्त्वाचे झाले. जुन्या अनेक १०० सीसी गाड्या बॅटरी मेली तरी किकवर चालत. इंजेक्शनच्या गाडीत वीज क्षणभर तुटली की पंपही थांबतो आणि संगणकही.

किल्ली फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक 'हूंऽऽ' असा आवाज येतो. तो पंपाचा. हा आवाज रोज ऐकायची सवय लावावी. बंद पडल्यावर किल्ली फिरवली आणि तो आला नाही, तर पंप, त्याचा रिले, फ्यूज किंवा वायरिंग यांवर संशय घ्यावा. टाकी नेहमी तळाला ठेवणेही बरे नाही. पंप पेट्रोलात बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवते.

मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा असतो. चालताना तो लागला, तर गाडीने दोषाची नोंद केली आहे असे समजावे. कंपनीच्या अधिकृत केंद्रात यंत्र जोडून ती नोंद वाचता येते. तिथे जाण्याआधी बॅटरी काढून ठेवू नये. काही गाड्यांत नोंद पुसली जाऊ शकते. बंद पडताना हा दिवा, मीटर आणि हॉर्न यांची मोबाइलवर छोटी चित्रफीत घेतली, तर मेकॅनिकला फार मदत होते. अर्थात, गाडी कडेला उभी केल्यावर, किंवा मागे बसलेल्याने ती घ्यावी.

गाडी आडवी पडली, तर इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सरही अनेक गाड्यांत असतो. उचलल्यावर किल्ली एकदा बंद करून पुन्हा फिरवावी लागते. हा सेन्सर जागेवर सैल बसला असेल, तर तोही खड्ड्यात गोंधळ घालतो. इंजेक्शनच्या गाडीची पेट्रोल नळी मात्र स्वतः काढू नये. त्यात टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त दाब असतो आणि पेट्रोल गरम इंजिनावर उडू शकते.

कोकण, राजस्थान, लडाख

दोषाला त्या त्या भागाचे हवामानही कारण होते. कोकणात आणि केरळात पावसाने जोड गंजतात, स्विचमध्ये पाणी शिरते. तिथे दर पावसाळ्याआधी जोड उघडून, पुसून, कोरडे करून पुन्हा बसवणे फायद्याचे. गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा स्विच, प्लग आणि टाकीच्या झाकणावर मारू नये. राजस्थानच्या वाळूत एअर फिल्टर पुस्तिकेतल्या मुदतीपेक्षा लवकर भरतो. लडाखमध्ये पाच हजार मीटरपेक्षा उंच खिंडींत हवा विरळ असते. कार्बोरेटर मात्र पहिल्याइतकेच पेट्रोल देत राहतो. त्यामुळे इंजिन गुदमरते, प्लग काळा पडतो. खाली उतरल्यावर गाडी आपोआप सुधारली, तर काही बिघडले नव्हते असे समजावे.

रस्त्याच्या कडेची पाच मिनिटे

गाडी बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटे लाखमोलाची असतात, कारण तेव्हा दोष हजर असतो. भराभर किक मारून तो घालवू नये. आधी हॉर्न वाजवून पाहावा. किल स्विच आणि साइड स्टँड पाहावा. इंजेक्शनची गाडी असेल तर पंपाचा आवाज ऐकावा. मग कार्बोरेटरच्या गाडीत ठिणगी पाहावी: प्लगची टोपी काढून तिच्यात जादा प्लग बसवावा, त्याचे धातूचे अंग इंजिनाला नीट टेकवावे, टोपी कोरड्या जाड कापडात धरावी आणि किक मारावी. इंजिनातला प्लग जागेवरच राहू द्यावा. टोपी हवेत लोंबत ठेवून किक मारू नये. सीडीआय जळू शकतो. निळी, चटचट आवाज करणारी ठिणगी आली, तर दोष पेट्रोलच्या बाजूला. ठिणगी नाही किंवा पिवळसर, मरगळलेली, तर विजेच्या बाजूला. ही परीक्षा झाल्यावरच टाकीचे झाकण उघडावे. उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी पाडायची नाही, हा नियम कधीही मोडू नये.

मेकॅनिककडे जाताना

वही घेऊन जावे. "मधेच बंद पडते" एवढेच न सांगता, "३० मिनिटांनी, गरम असताना, एकदम, हॉर्न चालू, ठिणगी नाही" असे सांगावे. चांगला मेकॅनिक अशा गिऱ्हाइकावर खूश होतो, कारण त्याचाही वेळ वाचतो. एका वेळी एकच भाग बदलायला सांगावे. तीन भाग एकदम बदलले, तर गाडी कशाने सुधारली ते कळत नाही आणि दोन चांगले भाग भंगारात जातात. नवी कॉईल घेण्याआधी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीची चालू कॉईल लावून पाहता आली तर उत्तम. काढलेला भाग परत मागून घ्यावा. गाडी वॉरंटीत असेल, तर बाहेर वायरिंगला हात लावू देऊ नये.

दुरुस्ती झाली की परीक्षा त्याच परिस्थितीत घ्यावी. गरम झाल्यावर बंद पडणारी गाडी गॅरेजभोवतीच्या एका फेरीने पास होत नाही. तिला दुपारच्या उन्हात तासभर, एकट्याने, कमी वाहतुकीच्या रस्त्यावर चालवून पाहावे. खड्ड्यात बंद पडणारी गाडी खड्ड्यांच्याच रस्त्याने न्यावी. पूर्वी जिथे तीनदा बंद पडली असती तिथे ती दहादा न अडखळता गेली, तरच दुरुस्ती झाली असे मानावे आणि मगच मागच्या सीटवर घरच्यांना बसवावे.

गाडीबरोबर हे असू द्या

• जादा प्लग आणि प्लगचा पाना
• योग्य अँपिअरचे दोन फ्यूज (फ्यूजच्या जागी तार कधीही बांधू नये)
• इन्सुलेशन टेप, हातभर वायर, छोटा स्क्रू ड्रायव्हर
• दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब
• टॉर्च आणि कोरडे जाड कापड
• गाडीची पुस्तिका, छोटी वही आणि पेन